हात हलू लागला, पण रक्तदाबाचे काय?

पक्षाघात झालेला माणूस पस्तीस-चाळीस वर्षांचा असेल, तर घरच्यांचे सगळे लक्ष त्याच्या हातापायांकडे लागते. बोटे वळू लागली का, चहाचा कप धरता येतो का, जिभेचा जडपणा गेला का, कामावर केव्हा जाता येईल, या प्रश्नांतच पुढचे कित्येक महिने निघून जातात. ते साहजिकही आहे, कारण सोलापूरसारख्या शहरात यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, विड्या वळण्यावर किंवा रिक्षावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्या घरात हात थांबला की चूल थांबते. मात्र या धांदलीत एक गोष्ट मागे पडते. हाताची ताकद परत येणे आणि पुन्हा झटका येण्याचा धोका कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामाने मेंदूचा शाबूत भाग गेलेल्या भागाचे थोडेफार काम शिकून घेतो आणि हात सुधारतो. परंतु ज्या कारणाने मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली, ते कारण तसेच राहिले तर हात कितीही सुधारला तरी दुसऱ्या झटक्याची शक्यता कायम राहते. आणि या कारणांत सर्वांत मोठे, शिवाय उपचारांनी आटोक्यात येऊ शकणारे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

कमी वयातला प्रत्येक पक्षाघात रक्तदाबामुळेच होतो असे नाही. हृदयाच्या झडपेचा आजार, मानेतील रक्तवाहिनीच्या आतल्या थराला पडलेली चीर, रक्त जास्त गोठण्याची प्रवृत्ती, बाळंतपणानंतर मेंदूतील शिरेत झालेली गुठळी अशी कितीतरी कारणे तरुण वयात आढळतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. तरीही मूळ कारण कोणतेही असो, त्या माणसाचा रक्तदाब चढा असेल तर तो उतरवावाच लागतो, म्हणून या लेखात तेवढाच विषय घेतला आहे.

नेमके बिघडते काय

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के रक्त एकटा मेंदू घेतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपासून केसासारख्या बारीक फांद्या काटकोनात फुटून थेट खोल भागात शिरतात. उजनीहून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीला मध्ये टाकी किंवा व्हॉल्व्ह न ठेवता एकदम अर्ध्या इंची नळ जोडला तर त्या नळावर जो दाब येईल, तसाच दाब या बारीक फांद्यांवर सतत असतो. रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली जागा अरुंद होते आणि एखादी फांदी बंद पडते. काही ठिकाणी उलट घडते. भिंत कमकुवत होऊन फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणजे एकच आजार दोन विरुद्ध दिसणारे परिणाम घडवतो. हातापायांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा याच खोल भागातून खाली उतरतो, त्यामुळे शेंगदाण्याएवढ्या जागेतला बिघाडही अर्धे अंग निकामी करू शकतो.

चाळीस ते सत्तर या वयात वरचा रक्तदाब, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा आकडा, दर २० अंकांनी वाढला की पक्षाघाताने मृत्यू येण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते, असे लाखो लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली दाखवले गेले. ही वाढ १४० च्या पुढे अचानक सुरू होत नाही. ११५ पासूनच हळूहळू चढत जाते. भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासात पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के भाग दहा कारणांत सामावतो असे आढळले. त्यांत रक्तदाब पहिल्या क्रमांकावर होता आणि ४५ वर्षांखालील लोकांमध्ये त्याचा प्रभाव थोरांपेक्षाही ठळक दिसला.

आपल्याकडे ‘शंभर अधिक वय’ असा एक जुना हिशेब अजूनही सांगितला जातो, म्हणजे चाळिशीतल्या माणसाला १४० चालेल. या हिशेबाला कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि तो जितक्या लवकर विसरला जाईल तितके बरे. दुसरा गैरसमज खालच्या आकड्याचा आहे. तरुणांमध्ये पुष्कळदा वरचा आकडा १३८ आणि खालचा ९६ असा प्रकार दिसतो, आणि ‘वरचा तर ठीक आहे’ असे म्हणून तो कागद घडी घालून ठेवला जातो. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये विसावते तेव्हाही रक्तवाहिन्या आवळलेल्याच आहेत, असा या खालच्या आकड्याचा अर्थ असतो, आणि कमी वयात तो दुर्लक्षिण्यासारखा नसतो.

रुग्णालयातला आकडा आणि घरचा आकडा

झटक्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नातेवाइकांचा एक हमखास गोंधळ होतो. मॉनिटरवर १८० दिसत असते, घरचे घाबरलेले असतात आणि डॉक्टर मात्र ‘राहू द्या’ म्हणतात. यामागे कारण आहे. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल तर मेलेल्या भागाभोवती अर्धमेल्या पेशींचे एक कडे असते आणि ते आजूबाजूच्या फांद्यांतून दाबाच्या जोरावर मिळणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असते. अशा वेळी दाब एकदम पाडला तर ते कडेही जाते. म्हणून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिलेले नसेल आणि हृदय-मूत्रपिंडाची दुसरी तातडी नसेल, तर सर्वसाधारणपणे २२०/१२० पर्यंतचा दाब पहिल्या एक-दोन दिवसांत सहन केला जातो. ते इंजेक्शन द्यायचे असेल तर मात्र आधी दाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर गणित आणखी वेगळे असते. तेथे बहुधा वरचा आकडा लवकरात लवकर १४० च्या आसपास आणण्याचा प्रयत्न होतो.

अडचण पुढे येते. त्या दिवशी कानावर पडलेले ‘१६०-१७० चालेल’ हे वाक्य घरी येते आणि वर्षभर टिकते. ती सूट त्या काही दिवसांपुरतीच असते. प्रकृती स्थिर झाल्यावर, साधारणपणे रुग्णालयातून घरी सोडण्याच्या सुमारास, गोळ्या सुरू होतात किंवा वाढवल्या जातात आणि पुढच्या काही आठवड्यांत दाब पायरीपायरीने उतरवला जातो. हळूहळू उतरवण्याचे कारण असे की, वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांना नव्या पातळीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. एकाएकी १८० वरून १२० केले तर चक्कर, अंधारी आणि कधी नवा बिघाडही होऊ शकतो.

पोहोचायचे कोठे, याबद्दल सध्याचे वैद्यकीय मार्गदर्शन बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पक्षाघात होऊन गेलेल्या बहुतेक रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली हे उद्दिष्ट धरले जाते. ‘बहुतेक’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण मेंदूकडे जाणारी एखादी मोठी रक्तवाहिनी फार अरुंद असेल किंवा उभे राहताच दाब कोसळत असेल तर डॉक्टर त्या व्यक्तीपुरता वेगळा आकडा ठरवू शकतात. तो आकडा विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावा. ‘बीपी सांभाळा’ एवढीच सूचना घेऊन घरी जाणे म्हणजे काय सांभाळायचे ते न कळताच जाणे होय.

एक गोळी पुरेशी का नसते

‘प्रोग्रेस’ या नावाने ओळखला जाणारा आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ६,१०५ लोकांचा त्यात सुमारे चार वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांना पेरिन्डोप्रिल आणि इंडापामाइड अशा दोन गोळ्या मिळाल्या त्यांचा दाब सरासरी १२/५ ने उतरला आणि पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. ज्यांना पेरिन्डोप्रिल एकटी मिळाली त्यांचा दाब ५/३ एवढाच उतरला आणि पक्षाघातात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सुरुवातीला ज्यांचा दाब ‘नॉर्मल’ म्हणावा असा होता त्यांनाही या उपचाराचा लाभ झाला. माझ्या मते, ‘एवढ्या कमी वयात दोन-दोन गोळ्या कशाला’ असे विचारणाऱ्या प्रत्येक घराला हा अभ्यास समजावून सांगितला पाहिजे. दुसरी गोळी आजार बळावल्याची खूण नसते. दोन वेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या थोड्या मात्रेत एकत्र दिली की परिणाम जास्त मिळतो आणि त्रास कमी होतो, म्हणून ती दिली जाते. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या पक्षाघातावर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात वरचा आकडा १३० च्या खाली ठेवलेल्या गटात पुढे मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसले.

ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल, आणि लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड ही या आजारातील नेहमीची नावे आहेत. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, रॅमिप्रिल-एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. असे झाले तर पाकीट बाजूला न टाकता डॉक्टरांना सांगावे. दोन्हींना पर्याय आहेत. फक्त ॲटेनोलॉलवर असलेल्या तरुण रुग्णाने ती का दिली आहे हे विचारायला हरकत नाही, कारण हृदयाचे वेगळे कारण नसेल तर पक्षाघात टाळण्यासाठी ती पहिल्या पसंतीची गोळी नाही. मात्र ही गोळी, तसेच क्लोनिडिन, एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

तरुण पुरुष गोळी सोडतात त्यामागे एक कारण असते जे डॉक्टरांच्या खोलीत बोलले जात नाही. लैंगिक संबंधात अडचण येते, तिचा दोष गोळीला दिला जातो आणि गोळी बंद होते. अशी अडचण झटक्यानंतर मानसिक ताणाने, नैराश्याने, मधुमेहाने किंवा खुद्द वाढलेल्या रक्तदाबानेही येते. काही गोळ्यांनी ती वाढते आणि काहींनी सहसा वाढत नाही. म्हणून हा प्रश्न लाजेखातर दडवू नये. स्त्रियांच्या बाबतीत याहून तातडीची एक सूचना आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात गर्भाला घातक ठरतात. मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून घ्याव्यात, आणि पाळी चुकल्याची शंका आली तरी थांबू नये. गर्भनिरोधक गोळ्यांपैकी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पक्षाघात होऊन गेलेल्या स्त्रीने घेऊ नयेत. तांबीसारखे पर्याय आहेत. मागच्या गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, आकडी आली असेल, तर ती जुनी फाइल शोधून दाखवावी.

‘एकदा सुरू झाली की जन्मभर’ ही भीती मी नाकारणार नाही, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच आहे. पण सवय लागते म्हणून नव्हे. गोळीचा परिणाम काही दिवसांत ओसरतो आणि मूळ कल तसाच असतो. दाब १२४ आला म्हणून गोळी थांबवणाऱ्याने एवढेच लक्षात घ्यावे की १२४ हा आकडा त्या गोळीमुळेच आलेला आहे. रात्रपाळी करणाऱ्यांना आणखी एक प्रश्न पडतो, गोळी सकाळी की रात्री? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील २१ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात दोहोंत फरक आढळला नाही. ज्या वेळी हमखास आठवण राहते ती वेळ चांगली. एखाद्या दिवशी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

खर्चाचाही विचार करावा लागतो. यांपैकी बऱ्याच गोळ्या सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, जनऔषधी केंद्रांत अल्प दरात मिळतात, आणि नाव वेगळे दिसले तरी आतले औषध तेच असते. पाकिटावर मोठ्या अक्षरातल्या नावाबरोबर बारीक अक्षरात लिहिलेले नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहावेत. नाही तर दोन नावांची एकच गोळी दुप्पट घेतली जाते.

इतक्या लवकर वाढलाच का

साठीत रक्तदाब वाढला तर वय, वजन, घराण्याचा वारसा यांकडे बोट दाखवता येते. तिशीत तो इतका वाढला की पक्षाघात झाला, तर त्यामागे दडलेला दुसरा आजार शोधावाच लागतो, कारण काही आजार बरे करता येतात आणि त्यांच्याबरोबर रक्तदाबही उतरतो. मूत्रपिंडाचा आजार हे त्यांतले नेहमीचे कारण. लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी एवढ्यावर त्याचा बराच अंदाज येतो. मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद असणे हे दुसरे. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त झरत असेल तर शरीरात मीठ साठते. काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटलेले दिसते, पण ते नेहमीच घटते असे नाही, म्हणून त्यासाठी स्वतंत्र रक्त तपासणी असते. तीन गोळ्यांनीही दाब हलत नसेल तर ही तपासणी राहून गेलेली नाही ना, हे पाहावे.

तरुण स्त्रियांमध्ये, आणि भारतात विशेष आढळणारा, ताकायासु नावाचा एक आजार आहे. त्यात मोठ्या धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. एका हाताची नाडी लागत नाही आणि त्या हातावर दाब कमी भरतो, प्रत्यक्षात मेंदूला मिळणारा दाब भरमसाट असतो. यासाठीच पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर दाब मोजला गेला पाहिजे आणि पायांच्या नाड्याही पाहिल्या गेल्या पाहिजेत. जन्मजात महाधमनी अरुंद असलेल्या तरुणात हाताचा दाब जास्त आणि पायाचा कमी असतो. याला वेगळे यंत्र किंवा पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दिवसा डोळा लागणे हे निद्राश्वसनरोधाचे लक्षण असते आणि तोही दाब चढवतो. हे रुग्णाला ठाऊक नसते, शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून बायकोने किंवा आईने डॉक्टरांना सांगावे.

आणि मग औषधांच्या दुकानातून आपल्याच हाताने आणलेली कारणे. पक्षाघातानंतर लुळ्या हाताचा खांदा दुखणे अगदी सामान्य आहे. त्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात. त्या दाब वाढवतात, बीपीच्या गोळीचा परिणाम बोथट करतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. बसून बसून पाठ मोडणाऱ्या विडी कामगार स्त्रिया आणि बारा-बारा तास मागावर उभे राहणारे कामगार झटक्याआधीही याच गोळ्या घेत असतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, शेक आणि खांद्याची योग्य ठेवण हा मार्ग डॉक्टरांना विचारून धरावा. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत मिसळलेली स्टिरॉइड्स, इतकेच काय घशासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमधही रक्तदाब वाढवू शकते.

मोजायचा कसा

घरी मोजण्यासाठी दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा, कारण लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. चहा, तंबाखू, व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीला जाऊन यावे, मग पाठीला टेका देऊन, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे न बोलता बसावे. मोबाइलही बाजूला. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा. पट्टा बिनबाधित हातावर बांधावा, कारण लुळ्या किंवा ताठरलेल्या हातावरचे मोजमाप फसवे असू शकते. मात्र दोन्ही हातांत कायम फरक आढळत असेल तर कोणता हात धरायचा हे डॉक्टरांनी ठरवावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचा आठवडाभर सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी असे मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. एकेका आकड्याला घाबरण्यापेक्षा ही सरासरी उपयोगाची असते. वहीत आकडे लिहिताना मनानेच शेवटी शून्य लावू नये. १३७ असेल तर १३७ लिहावे.

दवाखान्यात जास्त आणि घरी कमी भरणारे जसे असतात तसेच दवाखान्यात उत्तम आणि कामाच्या दिवशी चढा असणारेही असतात, आणि तरुण नोकरदारांत हा दुसरा प्रकार लपून राहतो. यंत्रमागाच्या खटखटाटात पाळी संपवून आल्यावर थोडे विसावून घेतलेला आकडा म्हणूनच अधूनमधून नोंदवावा.

सोलापुरी ताट, सोलापुरी ऊन

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे. हिशेब घरच्या घरी करता येतो. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला एक किलो मीठ संपत असेल, तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमहून अधिक होते, आणि यात फरसाण, खारी, पाव यांतले बाहेरचे मीठ धरलेलेच नाही. आपल्या ताटात भाकरी निर्दोष आहे. पीठ मळताना बहुधा मीठ घालतच नाहीत. मीठ दडलेले असते ते शेंगाचटणी, ठेचा, लोणचे, पापड, सांडगे यांत. शेंगाचटणी सोडा असे सोलापूरकराला सांगणे व्यर्थ आहे आणि गरजेचेही नाही. चटणी कुटतानाच मीठ निम्मे करून लसूण-जिरे वाढवले तर दोन आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधव मीठ ‘बीपीला चालते’ हा समज चुकीचा आहे, कारण तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. वेगळे असते ते पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ. चीनमधील ६०० गावांत, बहुतांश पक्षाघात होऊन गेलेल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. परंतु मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

उन्हाळ्यात येथील पारा चाळिशीपार जातो. घाम आणि पसरलेल्या रक्तवाहिन्या यांमुळे दाब आपोआप थोडा उतरतो, त्यात लघवी वाढवणारी गोळी असली की उठताना अंधारी येते. अशा वेळी आपणहून गोळी बंद न करता बसून आणि उभे राहून घेतलेले आकडे दाखवावेत. मात्रा कमी करता येते आणि पावसाळ्यानंतर परत वाढवता येते. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करावा, कारण काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. ‘घाम गेला’ म्हणून रोज मीठ घातलेले सरबत पिणे मात्र या रुग्णांना परवडणारे नाही. साधे पाणी आणि बिनमिठाचे ताक बरे.

उपवासाचेही असेच. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी गोळी चुकते आणि साबुदाण्याच्या खिचडीबरोबर वेफर्स, उपवासाचा चिवडा यांतून मीठ मात्र दुप्पट जाते. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडतो असे मानणाऱ्या आजीला घरातल्या कोणी तरी समजवावे. रोजे ठेवणाऱ्यांनी सहरी आणि इफ्तार यांनुसार गोळ्यांच्या वेळा रमजानच्या आधीच बदलून घ्याव्यात. आषाढीच्या वारीला निघताना पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या पिशवीत हव्यात.

तंबाखूबद्दल फार लिहायची गरज नसावी. विडी, सिगारेट, मावा, गुटखा, मशेरी या सर्वांतले निकोटीन दर वेळी दाब चढवते आणि रक्तवाहिन्या खराब करते. कमी केले म्हणून समाधान मानण्यासारखे त्यात काही नाही, पूर्ण सोडावे लागते. दारू, मग ती शिंदी असो की महागडी, दाब वाढवते आणि दुसऱ्या दिवशीची गोळी चुकवते. चालणे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बहुतेक दिवशी अर्धा तास. होम मैदानावर असो की गच्चीवर. श्वास रोखून जड ओझे उचलणे सध्या नको. झटक्यानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येते आणि उदास माणूस गोळ्या वेळेवर घेत नाही. हा आळस म्हणून रागावण्याचा विषय नाही, उपचारांचा विषय आहे.

दुसऱ्या झटक्याची शंका आली तर

घरी १९० भरले आणि बाकी काहीच त्रास नसेल, तर पाच-दहा मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, राहून गेलेली गोळी घ्यावी आणि आकडा चढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. जिभेखाली गोळी ठेवून दाब झटकन पाडण्याची जुनी पद्धत टाळावी. मेंदूला होणारा पुरवठा त्याने अचानक घटू शकतो. परंतु तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे, तोल जाणे किंवा आजवर कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले, तर दाब मोजत बसू नये, पाणी किंवा गोळी तोंडात घालू नये, कारण गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करून जेथे सीटी स्कॅन चोवीस तास होतो अशा रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधी दाखवावी.